बसण्यावर पीएचडी? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत येतात, कधी फिजिओच्या ज्युनिअर पोरींकडून, कधी त्यांच्या पप्पांकडून, एकदा तर रिक्षावाल्या काकांनी दसरा चौकाच्या सिग्नलला विचारलं. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. (मी बाई आहे आणि 'लिहितो, गेलो, आलो' असंच लिहिणार, कोल्हापूर आहे, पुण्याच्या लोकांनी समजून घ्यावं.) माझं शिक्षण फिजिओथेरपीचं, पीएचडी शारीरिक हालचाल आणि बैठं राहणं ह्या विषयात.

हा विषय म्हणजे नक्की काय? जिम ट्रेनर होणार का?

नाही. माणसं दिवसभरात किती हलतात, किती बसतात, का बसतात, आणि त्यामुळं शुगर, बीपी, हार्ट, कंबर, झोप ह्यांचं काय होतं ते मोजायचं, आणि जमलंच तर काहीतरी बदलून परत मोजायचं. माझा भाऊ म्हणतो ट्रेनर एका माणसाला फिट करतो, तुम्ही हजार माणसं मोजता आणि एकालाही फिट करत नाही. पूर्ण चूक आहे असं म्हणवत नाही.

व्यायाम न करणं आणि बसून राहणं एकच ना?

इथंच सगळ्यांची गाडी अडते, परीक्षेला बसलेल्यांची पण. दोन्ही वेगळं आहे. शांत बसलेल्या माणसाचं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याला १ मेट म्हणतात. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून, १.५ मेटच्या आत जे काय चालतं ते बैठं वागणं. झोप त्यात धरत नाहीत. ३ मेटपासून सहाच्या आतलं ते मध्यम, ६ आणि वर ते जोराचं. आता सकाळी रंकाळ्याला चार किलोमीटर चालून आलेला आणि मग गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, पेढीवर दहा तास मांडी घालून बसलेला शेठ घ्या, तो सक्रिय पण आहे आणि बैठा पण आहे, दोन्ही एकाच वेळी. आणि त्याच्या घरी दिवसभर उभ्याउभ्या राबणारी बाई, जिच्या नावावर 'व्यायाम' शून्य, ती बैठी नाहीच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली, पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं, आणि बसणं कमी करा म्हणून वेगळं सांगितलं, पण किती तास ते आकड्यात सांगितलं नाही कारण तेवढा भक्कम पुरावा नव्हता. त्याआधी २०१६ मध्ये दहा लाखांवर माणसांचा डेटा एकत्र करून बघितला होता, त्यात रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याचा वाढीव मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला, टीव्हीसमोर रोज पाच तासांच्या वर बसणाऱ्यांचा मात्र पूर्ण पुसला नाही.

मराठीत ह्या फरकाला नीट शब्द नाही त्याचा मला फटका बसलाय. सुरुवातीला माहितीपत्रक काढलं त्यात मोठ्या अक्षरात 'बैठक कमी करा' छापून आणलं आणि ते घेऊन एका तालमीत गेलो. वस्तादांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. "आमची पोरं रोज हजार बैठका मारत्यात, त्या कमी करू व्हय? आणि हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं?" दोनशे प्रती होत्या, रद्दीत घातल्या.

हे सगळं सुरू कुठून झालं?

लंडनच्या बसमधून. जेरी मॉरिस म्हणून डॉक्टर होते, त्यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ह्यांची तुलना केली. दोघांची बस एक, कंपनी एक, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना वरखाली. कंडक्टर लोकांना हृदयविकार कमी निघाला, १९५३ मध्ये ते लॅन्सेट ह्या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आलं. पण मला त्यांचं आवडतं ते पुढचं. त्यांनाच शंका आली की जाडी माणसंच आधीपासून ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून युनिफॉर्मच्या पँटच्या कमरेची मापं काढून बघितली आणि १९५६ ला छापली, आणि खरंच, ड्रायव्हरांची कंबर मोठी, तरुण ड्रायव्हरांची सुद्धा. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. आपल्या निष्कर्षाला आपणच खोड काढायची ही सवय लागली तर ह्या लायनीत या. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

त्याच १९५६ मध्ये बंगालच्या ज्यूट मिलमधल्या कामगारांवर जीन मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचा पेपर आला. हमाली करणारे जास्त खातात आणि वजन बेताचं, ते ठीक, पण अगदी बैठं काम करणारे सुद्धा भरपूर खात होते आणि जाड होते. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा हिशोब बिघडतो असं त्यांना दिसलं. हा विषय परदेशातला आहे असं कोण म्हणालं की मी हा पेपर काढून दाखवतो.

कुठली डिग्री लागते?

एकच अशी नाही. फिजिओचं बीपीटी-एमपीटी, शारीरिक शिक्षणाचं एमपीएड, एमबीबीएस करून कम्युनिटी मेडिसिन, होम सायन्समधलं न्यूट्रिशन, स्टॅटिस्टिक्स, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, ह्यातली सगळी माणसं मला ह्या विषयात भेटलीत. पब्लिक हेल्थची मास्टर्स म्हणजे एमपीएच केली तर पाया पक्का होतो, पुणे विद्यापीठात आहे, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे टिसमध्ये आहे. नेट म्हणजे यूजीसीची पात्रता परीक्षा, तिच्या विषयांत शारीरिक शिक्षण आहे, सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ आहे, होम सायन्स आहे. फिजिओवाल्यांनी फॉर्म भरायच्या आधी ही यादी शांतपणे बघावी, मी बघितली नव्हती आणि एक वर्ष घालवलं.

पीएचडीचे नियम थोडक्यात सांगा ना

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम आहेत. कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना आणि दिव्यांगांना दोन वर्षं जादा मिळू शकतात. प्रोफेसरकडं एका वेळी आठ, असोसिएटकडं सहा, असिस्टंटकडं चार विद्यार्थी, त्यामुळं आवडता गाईड असून उपयोग नाही, त्याच्याकडं जागा आहे का ते आधी विचारा. २०२४ पासून नेटचे मार्क पीएचडी प्रवेशाला धरायला लागलेत. थिसिसच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती गेली, तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो वाचा.

पैशाचं काय?

नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,०००, वर घरभाडं. आयसीएमआर म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिची पण फेलोशिप असते. राज्यात सारथी, बार्टी, महाज्योती ह्या सरकारी संस्था आपापल्या समाजघटकांना पीएचडीची फेलोशिप देतात. पैसे वेळेवर येतील असं धरून बाईकचा हप्ता घेऊ नका एवढंच. मी पहिली दोन वर्षं सकाळी क्लिनिक आणि दुपारी डेटा असं केलं आणि त्या काळातलं मला फारसं काही आठवत नाही.

कोल्हापुरात राहून होईल का, की पुणे-मुंबई गाठायची?

हा प्रश्न जरा उलटा विचारा, कोल्हापूर सोडून हे कुठं होईल? हुपरीत चांदीचा कारागीर मान खाली घालून दहा-दहा तास एका पाटावर. इचलकरंजीत मागावरचा कामगार अख्खी शिफ्ट उभा आणि चालत. शिरोलीच्या फाउंड्रीत वजन उचलणारा. ऊसतोडीची टोळी. तालमीतली पोरं, पेठेतले फुटबॉलवाले, आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सकाळी सहाला चालणारे रिटायर लोक. बैठ्यापासून एकदम कष्टापर्यंत सगळं एका जिल्ह्यात, आणि दुपारच्या एसटीनं जाऊन परत येता येतं.

आणि ह्यात खरा प्रश्न दडलाय. फाउंड्रीतल्या माणसाला मी "हालचाल वाढवा" काय म्हणून सांगू? फिरायला जाऊन होणारी हालचाल आणि पोटासाठी आठ तास वजन उचलून होणारी हालचाल ह्यांचा हृदयावर एकसारखा परिणाम होत नाही असं अनेक अभ्यासांत दिसलंय, डेन्मार्कच्या होल्टरमान आणि मंडळींनी त्याला विरोधाभास असंच नाव दिलंय. विश्रांती नाही, वेग आपल्या हातात नाही, बीपी दिवसभर चढलेलं. आपल्याकडचंच उदाहरण म्हणजे पुण्याजवळच्या सहा गावांतला गरोदर बायकांचा अभ्यास, त्यात शेतातलं काम, पाणी आणणं असं सगळं नोंदवलं होतं आणि जास्त कष्ट करणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी कमी भरलं. 'हलणं चांगलं' हे वाक्य गुजरीत खरं आहे, शिरोलीत ते तसंच उचलून लावता येत नाही.

तोटे पण सांगतो. यंत्रं उसनी आणावी लागतात, ह्या विषयावर बोलायला शेजारी कोण नसतं, आणि कॉन्फरन्सला जायचं म्हणजे रात्रीची गाडी.

गाईड कसा निवडायचा?

त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याला एकट्याला गाठून चहा पाजा. बाकी काही नको.

मोजतात कसं? मोबाईलमधली पावलं चालतील का?

मोबाईल खिशात असला तरच मोजतो, आणि आपल्या बायकांच्या साडीला खिसा नसतो, संपला विषय. आम्ही अॅक्सेलरोमीटर वापरतो, काडेपेटीपेक्षा लहान यंत्र, कमरेला किंवा मनगटाला बांधायचं, ते दर सेकंदाला हालचालीच्या बऱ्याच नोंदी घेतं. सात दिवस बांधायला द्यायचं, त्यातले निदान चार दिवस रोज दहा तास अंगावर असलं तर तो माणूस धरायचा, साधारण असा रिवाज आहे. ब्रिटनमध्ये एकाच अभ्यासात लाखभर लोकांच्या मनगटाला बांधलेलं. आपण चाळीस माणसांवर सुरुवात करतो आणि पाच यंत्रं फिरवतो.

कमरेच्या यंत्राला माणूस हललाय का कळतं, पण तो बसलाय की उभा आहे ते नीट कळत नाही. म्हणून मांडीला चिकटवायचं यंत्र आहे, मांडी आडवी म्हणजे बसलाय, उभी म्हणजे उभा. साहेबाच्या देशात हे बरोबर आहे, तिथं माणूस एकतर खुर्चीत असतो नाहीतर उभा. आमच्याकडं मावशी उकिडवं बसून भांडी घासतात. मांडी आडवीच, यंत्र म्हणतंय बसलीय, आणि तिच्या पिंढऱ्या आणि मांड्या कामाला लागलेल्या. टांझानियातल्या हाडझा लोकांवर २०२० मध्ये काम झालं, ती माणसं पण दिवसाचे जवळजवळ दहा तास न हलता असतात, पण त्यातला बराच वेळ उकिडवं किंवा गुडघ्यावर, आणि तेव्हा पायाचे स्नायू खुर्चीत बसल्यापेक्षा जास्त काम करतात. हे वाचलं तेव्हा मी माझ्या आजीकडं बघितलं. ती चुलीपुढं तशीच बसलेली.

यंत्र काय सांगत नाही ते पण लक्षात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा माझी काही माणसं सात दिवसांच्या पट्ट्यावर होती. शाहूपुरीतल्या एका काकांचा डेटा नंतर उघडला, तीन तास सलग जोराची हालचाल, स्क्रीनवर एकदम भारी दिसतंय. ते काका पाणी शिरायच्या आत घरातलं सामान माळ्यावर चढवत होते. दुसरं एक यंत्र पाण्यातच गेलं, त्याचे पैसे मी हप्त्यानं भरले.

मग प्रश्नावली सोपी की! तयार असते ना?

तयार असते, जीपॅक आणि आयपॅक ह्या दोन जगभर चालतात, चेन्नईच्या मधुमेहवाल्या मंडळींनी आपल्या लोकांसाठी वेगळी एक केली. पण तयार प्रश्नावली मराठीत आणणं हे माझ्या आख्ख्या पीएचडीतलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचं काम निघालं.

मूळ प्रश्नाचा अर्थ असा की श्वास जोरात चालेल असं काम तुम्ही करता का. मी लिहिलं "दम लागेल असं काम करता का?" पहिल्याच आजी म्हणाल्या, "मला दम नाही, थोरल्या जावेला आहे, पंप घेती ती." बदललं. "फावल्या वेळात काय करता?" ह्याला उत्तर आलं "फावला म्हंजे?" आणि एका काकूंनी नुसतं हसून चहा ठेवला.

मग मुख्य प्रश्न, दिवसात किती वेळ बसता. बायका म्हणाल्या बसायला वेळ कुठाय. त्याच बाईला मी दीड तास मेथी निवडताना बघितलेलं, खाली बसून. पण ते तिच्या लेखी बसणं नाही, ते काम आहे. आपल्या भाषेत 'बसणं' म्हणजे रिकामं असणं, त्यात थोडी नालस्ती आहे, 'नुसती बसून असती' असं सासू सुनेला म्हणते त्यातलं. आणि पुरुषांना विचारलं "आज किती वेळ बसलात?" तर कारखान्यातली चार पोरं एकमेकांकडं बघून फुटली. एकजण म्हणाला, "मॅडम, आमचं बसणं शनिवारी असतंय." मला कळायला दोन मिनिटं लागली.

शेवटी आम्ही 'बसणं' शब्दच काढून टाकला. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं ते क्रमानं सांगा, पाणी कधी भरलं, भाकऱ्या खाली बसून केल्या की ओट्यावर, मालिका बघताना हातात काही काम होतं का, असं विचारत गेलो. एका माणसाला चाळीस मिनिटं लागतात, पण उत्तर खरं मिळतं. भाषांतर, मग उलट भाषांतर, मग दहा-बारा जणांना समोर बसवून 'तुम्हाला ह्यातून काय कळलं' असं विचारणं, ही पायरी कुणीही गाळू नका. आयसीएमआरच्या २०१४ मध्ये छापलेल्या पाहणीत महाराष्ट्र धरून चार भागांतली ५४.४ टक्के माणसं निष्क्रिय निघाली आणि मौजेसाठी हालचाल करणारे दहा टक्क्यांच्या आत. असा आकडा दिसला की माझ्या डोक्यात पहिलं येतं ते 'प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला असेल?'

रोज १०,००० पावलं चाललंच पाहिजे का? (हा प्रश्न करिअरचा नाही पण सगळ्यात जास्त येतो)

तो आकडा १९६५ च्या जपानी पावलं-मोजणीयंत्राच्या नावातून आला, नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मीटर'. विकायला सोपा होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात साधारण ७,५०० च्या पुढं मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. तुमच्या आईंना गुडघ्याचा त्रास असताना कावळा नाका ते बिंदू चौक चालवू नका.

गणित, स्टॅटिस्टिक्स किती लागतं?

घाबरायचं नाही पण पळायचं पण नाही. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात अॅक्सेलरोमीटरचा कच्चा डेटा वाचायचं जीजीआयआर पॅकेज आहे, तेही फुकट. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात बसवा. दिवसाची मिनिटं १,४४०, वाढत नाहीत. बसणं अर्धा तास कमी केलं तर तो अर्धा तास कुठंतरी जाणार, झोपेत, चालण्यात किंवा उभं राहण्यात, आणि परिणाम कशात गेला त्यावर ठरतो. बसण्याला एकटंच उचलून मॉडेलमध्ये टाकलेले पेपर तपासायला आले की मी पहिली शंका हीच काढतो. स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला डेटा गोळा करायच्या आधी भेटा, नंतर भेटलात तर तो फक्त मयताचं कारण सांगतो.

एथिक्स कमिटीची परवानगी लागतेच का? नुसती पट्टी तर बांधायची

लागते. पट्टी बांधली म्हणजे माणूस कधी उठतो, कधी झोपतो, रात्री कधी बाहेर असतो ते सगळं तुमच्याकडं येतं. चाचणी करणार असाल, म्हणजे अर्ध्यांना काहीतरी करायला लावून अर्ध्यांशी तुलना, तर पहिला माणूस घ्यायच्या आधी सीटीआरआय ह्या सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंदणी. माझी फाइल एका ठिकाणी चार महिने कुणाच्यातरी टेबलाखाली होती, कुठं ते लिहीत नाही. तेवढा वेळ आधीच धरून चाला.

पेपर कुठं छापायचा?

'चार दिवसांत छापतो, पैसे पाठवा' असा मेसेज आला की ब्लॉक. चांगल्या जर्नलची यूजीसीची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं आता चांगलं-वाईट आपणच ओळखायचं. सोपी खूण सांगतो, तुम्ही स्वतः ज्या जर्नलमधले पेपर वाचून शिकलात तिथंच पाठवा. नकार येतो. माझ्या प्रश्नावलीच्या पेपरला तीन आले, एका परीक्षकानं लिहिलं की उकिडवं बसण्याला एवढी जागा द्यायची गरज काय. त्याला मी आजीचा फोटो पाठवणार होतो, गाईडनी अडवलं.

नोकरी मिळते का, खरं सांगा

खरं सांगतो. ह्या विषयाच्या नावाची जागा जाहिरातीत मी अजून बघितली नाही. तुम्ही लागणार फिजिओ, शारीरिक शिक्षण किंवा कम्युनिटी मेडिसिनच्या जागेवर, आणि संशोधन उरलेल्या वेळात. कायम असिस्टंट प्रोफेसरला मूळ पगार ५७,७०० पासून, पण त्या जागा निघेपर्यंत बरेच जण सीएचबीवर म्हणजे तासाच्या हिशोबानं शिकवतात आणि मे महिन्यात घरी बसतात. दुसरी वाट म्हणजे प्रोजेक्टवरची कामं, दोन-तीन वर्षांची, चांगलं शिकायला मिळतं, मग परत शोध. तिसरी परदेशात पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, त्यासाठी चांगल्या कामाचे दोन पेपर आणि आरमध्ये हात बसलेला पाहिजे. घरी एक तरी पगार चालू असेल तर हा रस्ता झेपतो. नसेल तर आधी नोकरी धरा आणि पार्टटाइम पीएचडीचं बघा, त्यात कमीपणा काही नाही.

घरी काय सांगायचं?

माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांना 'पोरगी हार्टवर संशोधन करती' असं सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही.

तुम्ही स्वतः दिवसभर बसूनच काम करत असाल ना?

थिसिस लिहायच्या काळात मी स्वतःलाच मांडीचं यंत्र लावून बघितलेलं. साडेअकरा तास. दिवसभर उन्हातान्हात फिल्डवर हिंडलो असेन असं मला मनापासून वाटत होतं. तेव्हापासून फोनवर बोलताना उठतो, मीटिंगला शक्य तिथं उभा राहतो, आणि लोक विचारतात मॅडम पाठ दुखतीय का.

पट्टा बांधून अंघोळ केली तर चालते का?

कमरेचा असेल तर काढून ठेवा आणि पुसल्यावर लगेच परत बांधा, विसरायला होतं म्हणून साबणाच्या डबीतच ठेवा. मांडीचा वॉटरप्रूफ चिकटपट्टीखाली असतो, तो तसाच राहू द्या. रंकाळ्यात पोहायला जाणार असाल तर मला आधी फोन करा, तो एक गेलाय तेवढा बास.